टीव्ही म्हणतोय मोफत, पिशवी अर्धी: कार्ड का बंद पडतं आणि परत कसं उघडतं

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातलं, लग्नाला तीन वर्षं झाली. घरात सासू-सासरे, नवरा, दीर, त्या स्वतः आणि दोन वर्षांचा मुलगा. नवरा नि दीर गोव्यात फोंड्याला सेंट्रिंगच्या कामाला जातात. मागच्या वर्षी म्हातारा-म्हातारीलाही तिकडंच नेलं आणि घराला आठ महिने कुलूप होतं. परत आल्यावर सोसायटीच्या रेशन दुकानातला माणूस म्हणाला, “मशिनीत तुमचं कार्ड येईना.” नाडकचेरीत, म्हणजे तहसीलदारांच्या खालच्या महसूल कार्यालयात, कुणी सांगितलं, “बीपीएलचं एपीएल झालंय,” म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं कार्ड रेषेवरचं झालंय. त्या विचारतात: नियम नेमके काय बदलले? दिरानं दुचाकीच्या कर्जासाठी एकदा इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं होतं, त्याचा काही संबंध असेल का? आणि रेशन परत सुरू होईल का?

ताई, मी आहार खात्यात, म्हणजे रेशन बघणाऱ्या सरकारी खात्यात, 27 वर्षं काढली, त्यातली बरीचशी खानापूर, हुक्केरी, निपाणी भागात फूड इन्स्पेक्टर म्हणून. निवृत्त झालो तरी सकाळी चहाच्या वेळेला कुणी ना कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्ड गुंडाळून दारात असतंच. तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा हे जाणवलं की तुमच्या घरात तीन वेगळ्या गाठी पडल्यात आणि तुम्ही सगळ्या मिळून एकच समजताय. सोसायटीवाला सांगतोय ती एक, नाडकचेरीवाला सांगतोय ती दुसरी, आणि तुमचं नि बाळाचं नाव कार्डावर आहे की नाही याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, ती तिसरी. लग्नाला तीनच वर्षं झालीत म्हणजे बहुतेक नसणार. एकेक करून सोडवू.

आधी किलोंचा हिशेब उरकतो, कारण बातम्या त्याच्याच होतात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं बीपीएल घरात माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या, कार्डाला, माणसं कितीही असोत, 35 किलो धान्य ठरवून दिलं. हा केंद्राचा वाटा. त्याच वर्षी जुलैत कर्नाटकानं अन्नभाग्य सुरू केलं, रुपया किलोनं तांदूळ. 2015 पासून तोही फुकट. 2017 मध्ये माणशी 7 किलो झाले, पुढं सरकार बदललं तसे उतरले. कोरोनात, एप्रिल 2020 ते डिसेंबर 2022, मधले काही महिने सोडून, केंद्रानं माणशी 5 किलो जादा दिले. जानेवारी 2023 ला ते बंद झाले आणि त्याच महिन्यापासून ‘आता रेशन मोफत’ असं सुरू झालं. आता गंमत बघा. तुमच्या माहेरी, महाराष्ट्रात, लोक किलोला दोन-तीन रुपये मोजत होते, त्यांचे तेवढे तरी वाचले. आपल्याकडं तांदूळ आधीपासूनच फुकट, त्यामुळं आपल्या पदरात फक्त 5 किलोंची कपात पडली. त्या महिन्यात दुकानांसमोर जी भांडणं झाली ती यावरूनच. टीव्ही म्हणतोय मोफत, पिशवी अर्धी, मग बायका दुकानदाराला चोर ठरवणार नाहीत तर काय करतील?

त्यानंतर 2023 च्या निवडणुकीतलं 10 किलोंचं आश्वासन आलं. जूनमध्ये केंद्रानं खुल्या विक्रीतून राज्यांना तांदूळ देणं थांबवलं, म्हणून राज्यानं जुलैपासून जादा 5 किलोंच्या बदल्यात किलोला 34 रुपये धरून माणशी 170 रुपये कुटुंबप्रमुखाच्या खात्यात टाकायला घेतले. फेब्रुवारी 2025 पासून पैसे बंद आणि पुन्हा तांदूळ, 5 केंद्राचे, 5 राज्याचे. ऑक्टोबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की राज्याच्या 5 किलोंऐवजी तूरडाळ, तेल, साखर, मीठ अशा जिनसांचं किट द्यायचं. तुमच्या सोसायटीत या महिन्याला काय आणि किती आलंय ते दुकानाच्या फलकावर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर लिहायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

किटबद्दल माझं मत विचाराल तर डाळ-तेल द्यायला हवंच होतं. अथणी, रायबाग बाजूला घरात जोंधळ्याची भाकरी, तिथं सहा माणसांच्या घरात महिन्याला 60 किलो तांदूळ जिरत नाही. मोटरसायकलवरून गोणी बांधून फिरणारे खरेदीदार मी कमी पकडले नाहीत, आणि प्रत्येक वेळी विकणारी बाई एकच सांगायची, “सायब, डाळ कुटनं आणू?” तिचं चुकत होतं असं मला कधी मनापासून वाटलं नाही. पंचनामा मात्र केला. पण तुमच्या पश्चिम खानापुरात दोन्ही वेळा भात लागतो, तिथं हेच 5 किलो गेले तर महिन्याचा शेवटचा आठवडा दुकानातून उधारीवर काढावा लागतो. एकाच जिल्ह्यात एकच नियम दोन घरांना दोन तऱ्हेनं लागतो, याची नोंद बेंगळुरात होत नाही.

170 रुपयांच्या काळात मात्र मी वेगळंच काही शिकलो. वडगावच्या एका विणकर गल्लीतली आजी आली होती. घरात पाच माणसं, म्हणजे महिन्याला 850 रुपये यायला हवेत, सहा महिने एक पैसा नाही. बँकेत विचारलं तर आधार जोडलेलं आहे. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. आधारवर लक्ष्मीबाई. रेशन कार्डावर कन्नडमध्ये लक्ष्मव्वा. कार्ड करताना संगणकावर बसलेल्या पोरानं ‘बाई’चं ‘अव्वा’ केलं होतं, त्याच्या घरी तसंच म्हणत असतील, त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. तांदूळ घेताना या फरकानं कधी अडलं नव्हतं, कारण दुकानदार आजीला चेहऱ्यानं ओळखत होता. पैसे यायला लागले तेव्हा ओळखणारा माणूस मधून गेला, उरली दोन नावं, आणि ती जुळेनात.

सीमाभागात हे घरोघरी आहे. शाळेच्या दाखल्यावर मराठी नाव, कार्डावर कन्नड, आधारवर इंग्रजी, आणि प्रत्येक वेळी लिहिणारा वेगळा. सूचना कन्नडमध्ये, मोबाईलवरचा संदेश कन्नडमध्ये. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या पुढं असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात ही केंद्राची जुनी तरतूद आहे आणि तिच्यावर इथं किती मोर्चे निघाले ते तुम्हाला माहीत आहे. त्या वादात मी इथं पडत नाही. तुम्ही एवढं करा, आहार खात्याकडून संदेश आला की शाळेत कन्नड शिकणाऱ्या शेजारच्या एखाद्या पोराकडून तो वाचून घ्या, पुसू नका.

आता तुमच्या पहिल्या गाठीकडं येतो. सोसायटीवाला म्हणतो मशिनीत कार्ड येत नाही. माझा अंदाज, हे आठ महिन्यांच्या कुलपामुळं झालंय. जुलै 2025 मध्ये केंद्रानं रेशन वाटपाच्या आदेशात दुरुस्ती केली. सलग सहा महिने माल उचलला नाही तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय करायचं, मग तीन महिन्यांत घरी जाऊन चौकशी आणि ई-केवायसी (म्हणजे आधारवरून ओळख पटवणं) करून पुन्हा ठरवायचं की हे घर पात्र आहे की नाही. त्याच आदेशात दर पाच वर्षांनी सगळ्यांची ई-केवायसी आणि पाच वर्षांखालच्या मुलांची, ती पाच वर्षांची झाली की एका वर्षात, हेही आहे. तुमच्या बाळाला ते पुढं लागेल.

सहा महिन्यांचा नियम करणाऱ्याचं म्हणणं मला कळतं. मेलेल्या माणसांच्या नावावर, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या नावावर माल निघत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण या नियमात पहिल्यांदा सापडतात ती दोन प्रकारची घरं. एक तुमच्यासारखी, पोट भरायला चोर्ला घाट किंवा अनमोड उतरून गेलेली. दुसरी, ज्यांना तांदूळ नकोच असतो पण कार्ड दवाखान्यासाठी हवं असतं. बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटकातून घराला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. एपीएल झालं की सरकार उपचाराच्या ठरलेल्या दराच्या 30 टक्केच भरतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. म्हणून अशी माणसं कार्ड कपाटात जपून ठेवतात आणि माल उचलत नाहीत. छातीत दुखायला लागलं की कार्ड बाहेर निघतं, तोवर ते निष्क्रिय झालेलं असतं.

आणि घरी जाऊन होणारी चौकशी कशी होते तेही ऐका, कारण ती करणारा मीच होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात यादी घेऊन फिरत होतो. एका घराला कुलूप. शेजारच्या घरालाही कुलूप. दुपारचे दोन वाजलेले, अजून चाळीस घरं बाकी. मी कागदावर लिहिलं, ‘वास्तव्य आढळले नाही’. ते कुटुंब वीटभट्टीवर गेलेलं होतं. मे महिन्यात ती बाई कार्यालयात आली, कमरेच्या पिशवीतून घराची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “ही बघा. घर हाय की आमचं.” नाव परत चढवायला पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांचा तांदूळ तिला मिळाला नाही, मिळवून द्यायचा रस्ताही मला सापडला नाही. तेव्हापासून मी ‘वास्तव्य नाही’ लिहिण्याआधी दोन घरं पलीकडं विचारायचो. सगळे विचारत नाहीत.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट साधी आहे. गोव्यात असताना तुम्ही माल उचलू शकला असतात. 2022 पासून एक देश एक रेशन कार्ड सगळ्या राज्यांत लागू आहे. फोंड्याच्या दुकानात कार्डाचा नंबर किंवा आधार सांगून अंगठा दिला की केंद्राचे माणशी 5 किलो मिळतात. राज्याचा जादा वाटा सीमेपलीकडं मिळत नाही, तो फक्त कर्नाटकातल्या दुकानात. लोक म्हणतात, अर्ध्यासाठी कशाला रांगेत उभं राहायचं. मी म्हणतो, त्या अंगठ्यानं कार्ड जिवंत राहतं. कोल्हापूरच्या एमआयडीसीत राहणाऱ्या निपाणीच्या पोरांनाही मी हेच सांगतो.

दुसरी गाठ दिराच्या रिटर्नची. इथं जरा थांबून समजून घ्या, कारण लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो.

कर्नाटकात बीपीएलसाठी घराचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 20 हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला 10 हजार. सहा माणसांत वाटलं तर दिवसाला माणशी 55 रुपये. 2025-26 मध्ये कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी 370 रुपये होती. त्या दरानं घरातल्या एकाच माणसाला वर्षात 325 दिवस काम मिळालं तरी घर मर्यादेबाहेर जातं. नियम तंतोतंत लावला तर दोन राबते हात असलेलं एकही घर आत उरणार नाही. हे कार्यालयात प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून प्रत्यक्षात गाळणी लागते ती संगणकावर दिसणाऱ्या खुणांना: सरकारी पगार, इन्कम टॅक्स, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, चारचाकी, 3 हेक्टरच्या वर कोरडवाहू जमीन, शहरात 1000 चौरस फुटांवरचं घर. पूर्वी या खुणा इन्स्पेक्टर गावात जाऊन शोधायचा. आता एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या यादीला जोडली की नावं आपोआप बाहेर पडतात. ज्याचं उत्पन्न कुठंच नोंदलेलं नाही तो सावकार आत राहतो आणि ज्यानं प्रामाणिकपणे कागद भरला तो बाहेर पडतो, हे मी रागानं नाही, बघून सांगतोय.

नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यात अशीच मोठी छाटणी झाली होती. ओरड झाल्यावर मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की सरकारी नोकर आणि इन्कम टॅक्स भरणारे सोडून बाकीच्यांची कार्डं परत करा. आता यातला शब्द बघा, टॅक्स ‘भरणारे’. रिटर्न भरणं आणि टॅक्स भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोरूमवाल्यानं किंवा एजंटानं सांगितलं म्हणून हजारो पोरांनी कर्जासाठी रिटर्न भरलं, टॅक्स शून्य. यादी जोडताना मात्र पॅन नंबर दिसला की नाव उचललं जातं. तेव्हा दिराच्या रिटर्नची पोच आणि त्यातला टॅक्सचा आकडा शून्य आहे हे दाखवणारं पान, दोन्ही काढून घ्या. ते अर्जाला जोडलं की निम्मं काम होतं.

निम्मंच म्हणतोय, कारण एक अडचण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. त्या रिटर्नमध्ये उत्पन्न किती दाखवलंय ते बघा. कर्ज पास व्हावं म्हणून एजंट तीन-साडेतीन लाख लिहितात. टॅक्स शून्य असला तरी तो आकडा 1 लाख 20 हजारांच्या वर आहे आणि तो दिराच्या सहीचा आहे. तहसीलदार कार्यालयात त्यावर बोट ठेवलं तर उत्तर द्यावं लागेल. अशा वेळी लोक कार्ड फोडायच्या मागं लागतात, दिराला कागदावर वेगळं दाखवायचं. दिराची चूल खरंच वेगळी असेल, लग्न होऊन तो गोव्यातच संसार करणार असेल, तर त्याचं नाव कमी करणं रास्त आहे, करा. एकाच चुलीवर जेवत असाल तर करू नका. चौकशीला आलेला माणूस स्वयंपाकघरात डोकावतो, मी डोकावायचो. त्यापेक्षा नाडकचेरीतून घराच्या उत्पन्नाचा ताजा दाखला घ्या. तलाठी विचारेल तेव्हा खरे दिवस सांगा. सेंट्रिंगचं काम पावसाळ्यात किती दिवस बंद असतं, सासऱ्यांच्या दुखण्यात किती खाडे झाले, हे लोक सांगतच नाहीत. रोजची मजुरी गुणिले 365 असा हिशेब कागदावर चढतो आणि मग कपाळाला हात लावतात.

गृहलक्ष्मीचे, म्हणजे राज्य सरकार घरातल्या प्रमुख बाईला महिन्याला देतं ते, 2000 रुपये सासूच्या नावावर येत असतील तर ते दिराच्या रिटर्नमुळं थांबायला नकोत. तिथं नियम बाई स्वतः किंवा तिचा नवरा टॅक्स किंवा जीएसटी भरणारा नसावा असा आहे, मुलाचा त्यात उल्लेख नाही. आणि ती योजना एपीएल कार्डालाही आहे. थांबले असतील तर कारण वेगळं असणार, ते महिला आणि बालकल्याण खात्यात विचारायचं, आहार खात्यात नाही. या दोन खिडक्यांच्या मध्ये माणसं महिना-महिना हेलपाटे घालतात.

तिसरी गाठ तुमच्या स्वतःच्या नावाची, आणि खरं तर तीन वर्षांपासून तुमचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतंय. कार्डावर चारच नावं असतील तर घराला माणशी 10 किलोंप्रमाणं 40 किलो मिळत होते. तुम्ही नि बाळ धरलं तर 60. म्हणजे महिन्याला 20 किलो तुम्ही मागितलेलेच नाहीत. माझ्याकडं चंदगड, गडहिंग्लज, कागलहून इकडं लग्न होऊन आलेल्या जितक्या मुली आल्या त्यातल्या निम्म्यांचं नाव अजून माहेरच्या कार्डावर होतं. आईला वाटतं, राहू दे, तिथं तिच्या वाटणीचे 5 किलो येताहेत. पण एक आधार दोन राज्यांच्या कार्डांवर चालत नाही. इथं नाव चढवायला गेलं की संगणक अर्ज परत पाठवतो, आणि दुबार नाव म्हणून उद्या तिथलंही उडतं.

तेव्हा माहेरी जाल तेव्हा चंदगडच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन या. वडिलांचं कार्ड, तुमचं आधार, लग्नाचा दाखला एवढं लागतं. आईला समजावून सांगा, ती रुसेल. मग आधारवर पत्ता सासरचा करून घ्या. नावात बदल करायचा असेल, म्हणजे वडिलांच्या नावाऐवजी नवऱ्याचं नाव घालायचं असेल, तर ते याच वेळी करा आणि ठरवून एकच स्पेलिंग पुढं सगळीकडं वापरा. बँकेत, कार्डावर, बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव, सगळीकडं तेच. लक्ष्मव्वा-लक्ष्मीबाईची गोष्ट तुमच्या घरात पुन्हा व्हायला नको. बाळाचा जन्म गोव्यात झाला असेल तर तिथला दाखला चालतो, अडवलं तर अडवण्याचं कारण लेखी मागा.

हे झाल्यावर ग्राम वन केंद्रातून (गावातलं सरकारी सेवांचं केंद्र) किंवा तालुक्याला जाऊन नाव चढवण्याचा अर्ज करता येतो. नवीन कार्डांचे आणि दुरुस्तीचे अर्ज वर्षभर सारखे चालू नसतात, पोर्टल काही दिवस उघडतं, बंद होतं, आणि उघडलेल्या दिवशी सर्व्हर मान टाकतो. नवीन कार्ड मिळणं तर त्याहून कठीण, कारण कायद्यातला राज्याचा कोटा अजून 2011 च्या जनगणनेवर बांधलेला आहे, सुमारे 4 कोटी माणसं. कुणाचं तरी निघाल्याशिवाय कुणाचं तरी येत नाही. म्हणूनच मी जुनं कार्ड रद्द करून नवीन काढा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका म्हणतो. असलेलंच दुरुस्त करा.

अंगठ्याबद्दल थोडं, कारण सेंट्रिंगवाल्या घरात हा प्रश्न येणारच. सिमेंटनं बोटं गुळगुळीत होतात. निपाणीकडं विडी वळणाऱ्या बायकांचं, बेळगावात फाउंड्रीत काम करणाऱ्यांचं तसंच. मी दुकानात उभा राहून पाहिलंय: सेल्समन बाईचा हात धरतो, अंगठा तिच्याच पदराला पुसतो, मशिनीवर दाबतो, लाल दिवा. पुन्हा पुसतो, लाल. मागची रांग कुरकुरते. मग तो म्हणतो, “मावशी, उद्या या.” त्या उद्यासाठी तिचा एक रोज बुडतो, आणि परवा पुन्हा तेच. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, दुसरी बोटं लावून बघायला सांगा. आधारशी मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीनं होतं, काही ठिकाणी बुबुळानंही. ऑक्टोबर 2017 मध्येच केंद्रानं राज्यांना लिहून कळवलंय की आधार नाही किंवा बोट लागत नाही एवढ्या कारणानं कुणाला उपाशी परत पाठवायचं नाही. दुकानदाराला हे पत्र माहीत नसतं. इन्स्पेक्टरला असतं, त्याला फोन लावा म्हणा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. पहिल्यांदा कार्डाचा नंबर घालून आहार खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ग्राम वनमध्ये सद्यस्थिती बघून घ्या आणि तिचा कागद छापून घ्या. निष्क्रिय असं लिहिलंय की एपीएल, यावर पुढचा रस्ता ठरतो. कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, दोघांनी दोन गोष्टी सांगितल्यात आणि कदाचित दोन्ही खऱ्या असतील. निष्क्रिय असेल तर सगळ्यांची ई-केवायसी करून तहसील कार्यालयातल्या आहार शिरस्तेदाराकडं कार्ड चालू करण्याचा अर्ज द्या, कामासाठी बाहेरगावी होतो असं स्पष्ट लिहून. चौकशीला माणूस येईल, तेव्हा घरात कुणीतरी असा, आणि रानात जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा. एपीएल झालं असेल तर त्यासोबत उत्पन्नाचा दाखला आणि दिराची ती दोन पानं. अर्जाची पोच, तारखेसह, घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

महिना-दीड महिन्यात हालचाल नाही झाली तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 15 खाली, आणि त्याच्या वर राज्य अन्न आयोग, कलम 16 खाली. अर्जात कलमाचा आकडा घातला की फाईल जरा लवकर सरकते, हा माझा खिडकीच्या आतला अनुभव आहे. 1967 या फोन नंबरवर तक्रार नोंदवता येते, दुसऱ्या राज्यात असताना 14445. धान्य न मिळाल्यास भत्ता देण्याचं कलम 8 पण कायद्यात आहे. माझ्या नोकरीत तो भत्ता हातात पडलेला एकही माणूस मी पाहिला नाही, म्हणून त्यावर वेळ घालवा असं मी सांगणार नाही.

सासूबाईंना सोबत न्या. कार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई प्रमुख असते, कायदाच तसा आहे, आणि त्यांच्या अंगठ्याशिवाय तुमचं नाव चढणार नाही. जायच्या आदल्या रात्री त्यांच्या हाताला खोबरेल तेल चोळा, सकाळी कोमट पाण्यानं धुऊन कोरडे करा. गणपती झाल्यावर पुन्हा गोव्याला उतरणार असाल तर फोंड्याच्या राहत्या जागेजवळचं रेशन दुकान पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.